पाल परत येईपर्यंत

लातूरला आश्विन लागला की ट्यूबलाइटभोवती इतके किडे जमतात की उजेडाला खाली यायला वाट मिळत नाही. परवा मी भाकरी करत होतो, तर तव्यावर भाकरीच्या आधी तीन जातींची पाखरं भाजून निघाली. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर वाटू द्या. नायगावात माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून ऐकायची पद्धतच आहे. तसं केलं तरी दीड पाखरू उरतं.

भाकरी थापायची वेळ आली ती आमच्या मनूमुळं. ती बारावीला आहे, डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणार आहे, म्हणून लातुरात खोली घेतली. तिची आई नांदेडला नोकरीत, त्यामुळं आम्ही पाळीपाळीनं इथं येऊन स्वयंपाक करतो. माझं नायगावात कीटकनाशकांचं दुकान आहे. तरुणपणी प्राणिशास्त्र शिकलो आणि ज्यांच्याविषयी शिकलो त्यांनाच मारून पोट भरलं. सध्या दुकान धाकट्या भावाकडं आणि पोळपाट माझ्याकडं. या गल्लीत आमच्यासारखे पुष्कळ बाप आहेत. सकाळी भाजीवाल्याच्या गाड्याभोवती मिशावाले गडी उभे असतात आणि मेथी जून आहे का कोवळी यावर कोर्टात बोलल्यासारखं बोलतात. वर क्लासच्या पाट्या. त्यांवर हसणारी पोरं इतकी मोठी छापलीत की एकेकाच्या दाताएवढी आमची खोली.

ओल अजून गेलेली नाही. गच्च्यांवर उडीद वाळत घातलाय, त्याचा पिठूळ वास जिन्यातून खाली उतरतो. संध्याकाळी शहराच्या कडेनं वारा येतो त्याला ज्वारीसाठी उकरलेल्या काळ्या मातीचा वास असतो. हा वास आला की मी जिथं असेन तिथं थोडा थांबतो. बायको म्हणते, दम लागतो तुम्हाला. लागू दे म्हणतो.

तर मनूच्या फोनात एक बेट आहे. रसायनशास्त्र आणि जेवण यांच्या मधल्या अर्ध्या तासात ती तिकडं राहायला जाते. तिथं तिचं छोटं घर आहे, दारात भोपळे आहेत, शेजारी एक अस्वल राहतं आणि ते रोज तिची विचारपूस करतं. परीक्षा वगैरे काही नाही. काम एवढंच की जाळी घेऊन हिंडायचं, किडे, फुलपाखरं, मासे धरायचे आणि गावच्या संग्रहालयाला नेऊन द्यायचे. पण बेटावरही ऋतू आहेत. एखादा भुंगा पावसातच निघतो, एखादा चतुर उन्हं कलल्यावरच, आणि महिना संपला की काहीजण निघून जातात ते थेट पुढच्या वर्षी येतात.

असाच एक लाल चतुर तिच्या हातून गेला. क्लासच्या चाचणीत मार्क कमी आले तेव्हा झालं नव्हतं एवढं तिचं तोंड बारीक झालं. मी विचारलं तेव्हा कळलं की खेळ फक्त धरलेले किडे दाखवतो. कोणते राहिलेत, ते कधी येतात, यंदा कोण निघायच्या बेतात आहे, हे काहीच सांगत नाही. त्यासाठी खेळ बंद करून दुसरीकडं कुठंतरी शोधत बसावं लागतं, आणि शोधेपर्यंत अर्धा तास संपतो. खेळ बनवणाऱ्यांनी लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. त्यांना लिहायचं तिनं ठरवलं की खेळाच्या आतच एक पान द्या, आलेले कोण आणि यायचे कोण ते एका नजरेत दिसेल असं. तिनं मला मराठीत सांगायला लावलं, इंग्रजी ती करणार होती.

भाकरी थापता थापता मी घसा साफ केला.

"बाबा, गोष्ट नको हं," ती म्हणाली. "चार ओळी सांगा. तुमच्या चार ओळी म्हणजे लातूर-नांदेड बस, फाटा दिसला की थांबते."

बस थांबलीच. कारण ती मागत होती ते पान मी पाहिलेलं होतं. कागदावर नव्हे, एका बाईच्या ओढणीच्या टोकाला.

भूकंपाच्या वर्षी मी इथंच लातुरात शिकत होतो आणि एका बांगडीवालीच्या घरी भाड्यानं राहत होतो. सगळी गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी म्हणायची, म्हणून मीही. खालाचा मुलगा अन्वरभाई गंजगोलाईत बांगड्यांचं दुकान चालवायचा. घरी येणाऱ्या बायकांना बांगड्या भरायचं काम खालाचं. हात धरला की त्यांना माप कळायचं. कितीही अडेल मनगट असो, दोन गोष्टी बोलत बोलत बांगडी वर सरकवायच्या आणि बाईला वाटायचं आपलाच हात बारीक झाला. मला त्या नावानं हाक मारत नसत. नायगावकर म्हणायच्या, जसं काही सगळं नायगाव एका खोलीत भाड्यानं राहतंय.

भूकंप झाला त्या पहाटेबद्दल मी काही वाढवून सांगत नाही. वाढवायला त्यात जागा नाही. आमची गल्ली वाचली. गिलाव्याला चिरा गेल्या, बांगड्यांच्या पेट्या मांडणीवरून खाली आल्या आणि अंगणात आलो तेव्हा आतून काचा किणकिणत होत्या. औसा-उमरग्याकडच्या गावांत मात्र दगडमातीची घरं माणसांवर बसली. खालाची धाकटी बहीण तिकडं दिली होती. अन्वरभाई ट्रकमधून गेला आणि परत आला तेव्हा नळाखाली हात धरून उभाच राहिला. पाणी गेलं तरी उभा होता. खालांनी त्याला काही विचारलं नाही. नंतर पाऊस आला, तोही मोठा. मोकळ्या जागेत ताडपत्र्या ताणून सगळी गल्ली झोपत होती. ओल्या ताडपत्रीला एक डांबरट, आंबूस वास येतो. आजही बाजारात ताडपत्रीचं दुकान आलं की मी पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

बहिणीविषयी खाला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलू लागल्या त्या पालीविषयी.

त्यांचं म्हणणं असं की भूकंपाच्या आदल्या संध्याकाळीच घरातले सगळे जीव निघून गेले होते. दिव्याजवळची पाल जागेवर नव्हती. मीटरच्या पेटीतली चिमण्यांची जोडी दिसली नाही. ओट्याच्या फटीतल्या मुंग्या नाहीत, ट्रंकेमागचा रातकिडा गप्प, आणि मांजरीनं पिल्लं उचलून नेलेली. आपण मात्र जेवून झोपलो. हे सगळं त्यांना तेव्हाच दिसलं होतं की नंतर आठवलं, ते त्यांनाच ठाऊक. पण त्यांनी ओढणीच्या टोकाला पाच गाठी मारल्या. जो जीव घरात परत येईल त्याची गाठ सोडायची. सगळ्या सुटल्या की घर राहण्याजोगं. तोवर कुणी आत झोपायचं नाही. किल्ल्या कमरेला.

आणि अन्वरभाईची बायको नसीमाभाभी सातव्या महिन्यात होती.

मी प्राण्यांचं शिकत होतो म्हणून गल्लीनं मला या खात्याचा मंत्री करून टाकलं. सकाळी दात घासत असलो तरी कुणीतरी येऊन विचारायचं, काय नायगावकर, काय म्हणतात तुमचे किडे. पुढं पुढं तर दुसऱ्या गल्लीतले लोक रिक्षा करून यायचे आणि मी मुंग्यांची रांग बघून गंभीर चेहरा केला की अर्धं लातूर अंथरूण काखोटीला मारायचं. यातून निम्मं वजा करा. खालांना मात्र मी खरं तेच सांगायचो की खाला, पालीला उडणारे किडे लागतात, तिला जमिनीचं काय कळतंय. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, तुझं पुस्तक त्या रात्री कुठं झोपलं होतं? आतच ना?

मांजर आधी आली. एकेक पिल्लू तोंडात धरून माळ्यावर चढवलं आणि खालाकडं असं बघितलं, जणू भाडं मागायला आलीय. एक गाठ सुटली. मग अन्वरभाईनं घाई केली. उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत गुळाच्या पाण्याची रेघ ओढली. मुंग्या आल्या, सगळ्या तालुक्यातल्या आल्या, पण खालांनी त्या बाद केल्या.

"बुलावून आणलेल्या चालत नाहीत. बुलावलं तर पाव्हणेपण येतात. मला घरच्या पाहिजेत."

पुढं एका सरीनंतर ओट्याच्या फटीतून आपसूक रांग निघाली तेव्हा दुसरी गाठ सुटली. रातकिडा एका संध्याकाळी आतून ओरडला. खाला दाराला कान लावून बराच वेळ उभ्या होत्या, गाणं ऐकल्यासारख्या. तिसरी गाठ.

हळूहळू गल्ली आत गेली. एक सरकारी माणूस येऊन भिंतींवर टकटक करून सांगून गेला होता की चीर गिलाव्याला आहे, भिंतीला नाही. ताडपत्र्या एकेक करून उतरल्या आणि मैदानात आमची तेवढी राहिली. तूर फुलोऱ्यात आली, सीताफळं संपली, दव इतकं पडायला लागलं की सकाळी माझी चादर पिळली तर बादली भरायची. भाभीला कुशीवर झोपवत नव्हतं, पाठीवरही झोपवत नव्हतं. ती बाजेवर टेकून बसून राहायची, अंगावर दोन रजया. अन्वरभाई दुकानातून आला की आधी तिच्या पायाला हात लावून बघायचा, थंड आहेत का. मग आईकडं बघायचा. मग चुलीजवळ बसायचा. खालांनाही थंडी कळत होती. आपली रजई त्या भाभीच्या पायावर टाकायच्या आणि स्वतः ओढणी घट्ट करून बसायच्या. त्या ओढणीला दोन गाठी होत्या, पालीची आणि चिमण्यांची.

शेवटी शेजारच्या पांडूमामांनी एक पाल आणली. कुठून आणली ते विचारू नका. बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून आणली आणि खाला नमाजाला बसल्या असताना खिडकीतून आत सोडली. मग सगळे मिळून ओरडले, खाला, आली बघा. खाला आल्या, चष्मा लावला, पालीकडं बघितलं. पालीनंही त्यांच्याकडं बघितलं, अनोळखी माणसाकडं बघावं तसं.

"ही आपली न्हाई," त्या म्हणाल्या. "आपलीचं शेपूट तुटलेलं हाय."

पांडूमामांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, खाला, पालीचं शेपूट पुन्हा येतं, हे पुस्तकात आहे. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की एवढ्या लवकर येत असेल तर नायगावकर, तुझ्या पुस्तकाला विचारून बघ, आणखी काय काय पुन्हा येतं. मामा खोकं घेऊन निघून गेले. मीही पुस्तक मिटलं.

मनूनं इथं मला थांबवलं. तिचं म्हणणं, तुमच्या खालांचं पान माझ्यापेक्षा चांगलं होतं, कारण त्यात प्राणी धरावे लागत नव्हते, नुसते यावे लागत होते. मग तिनं एक शंका काढली. जे जीव घरी परत येत नव्हते ते होते कुठं? तिच्या खेळात राहिलेला किडा कुठंतरी असतोच. नदीकाठी नाही तर झाडाच्या बुंध्याशी. मी म्हटलं, हेच तेव्हा एवढ्या माणसांत कुणी विचारलं नाही. मंत्र्यानंही नाही.

ते कळलं भाभीला, तेही काही विचार करून नव्हे. दिवेलागणीची वेळ होती. खालांनी कंदील पेटवून मधल्या बांबूला अडकवला होता आणि त्या तांदूळ निवडत होत्या. भाभी बाजेवर मागं टेकून वर बघत होती, कारण तिला दुसरीकडं बघवत नव्हतं. कंदिलाभोवती पाखरं होती. ताडपत्रीच्या आतल्या बाजूनं काहीतरी सरकलं, थांबलं आणि एक पाखरू कमी झालं.

"अम्मी," भाभी म्हणाली, "आपली पाल तर हितंच हाय."

आम्ही सगळे वर बघायला लागलो. कंदिलापासून हातभर अंतरावर ती उलटी चिकटली होती, शेपटाचं थोटूक तसंच होतं. कधीपासून होती कोण जाणे. आमच्या डोक्यावर पोट भरत होती आणि आम्ही तिची वाट बघत खाली थंडीत बसलो होतो.

खालांचं तांदळाचं सूप मांडीवर तसंच राहिलं. भाभी घाबरली, आपण काही वावगं बोललो का म्हणून. पण तोंडातून निघालं होतं तर तिनं ते पुरं केलं. हळूच म्हणाली, "ती घर सोडून नाही गेली अम्मी. दिवा हिकडं आला म्हणून ती हिकडं आली. आपुन तिची वाट बघून राहिलो आन् ती आपल्याजवळ."

मैदानापलीकडं कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, त्या ऐकू यायला लागल्या. मग खाला उठल्या. बांबूवरचा कंदील काढला, कमरेची किल्ली काढली आणि घराकडं चालू लागल्या. अन्वरभाई मागं निघाला तर त्यांनी हातानंच त्याला बसवलं. आम्ही अंधारात बसून बघत राहिलो. खिडकीच्या गजांतून उजेड आला, हलला, मग एका जागी स्थिर झाला. कंदील टांगायचा खिळा सापडला असावा. मग त्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्याचं दिसलं. बराच वेळ तशाच बसून होत्या. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की त्या ज्या भिंतीला टेकल्यात त्याच दिशेला, पुष्कळ लांब, त्यांच्या बहिणीचं गाव होतं. माझ्या पुस्तकात असल्या दिशा नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आतल्या दिव्याजवळ एक पाल होती. तिचं शेपूट कसं आहे हे बघायला कुणी चष्मा मागितला नाही. खालांनी चौथी गाठ सोडली आणि भाभीची बाज आत घ्यायला सांगितली. बाज दारातून आडवी जात नव्हती, उभी करून न्यावी लागली. पांडूमामा एका टोकाला, मी दुसऱ्या, आणि खाला मधोमध चालत आम्हाला चौकट कुठं लागेल ते सांगत होत्या. त्या दिवशी माझ्या खोलीला कुबट वास होता आणि मला तो अत्तरासारखा वाटला.

चिमण्या आल्या नाहीत. पाचवी गाठ तशीच राहिली. मनूला हे पटलं नाही. तिच्या मते चार गाठींवर घर सुरू करणं म्हणजे नियम मोडणं. मी म्हटलं, मोडलाच त्यांनी. ती बोटानं फोनच्या कडेवर टकटक करत बसली. मग तिनं सूचनेतली एक ओळ खोडली, सगळे प्राणी पूर्ण करणाऱ्याला बक्षीस द्यावं अशी. आणि एक नवी घातली: जे या महिन्यात निघून जातील ते पुन्हा कधी येणार, तेही त्या पानावर दिसू द्या. मला वाचून दाखवलं. माझ्या तोंडचा त्यात एकही शब्द नव्हता. तिनं ते पाठवून दिलं, बेटावरच्या अस्वलाचा निरोप घेतला आणि वही ओढली.

या महिन्यांत लातुरात हजारो खोल्यांमधून हे असंच दिसत असणार. खाली मान घातलेली पोरं, वर ट्यूबलाइट, त्याभोवती पाखरं आणि त्यांच्यावर टपलेली एखादी पाल. पुढच्या आश्विनात मनू कुठल्या गावी कुठल्या दिव्याखाली असेल, मला माहीत नाही. तिलाही नाही. ते विचारायचं नाही असं आमचं न बोलता ठरलंय. मी भाकरी पालथी केली.

"आणि भाभीचं?" वहीतून मान वर न करता तिनं विचारलं.

भाभीला मार्गशीर्षातल्या एका सकाळी कळा सुरू झाल्या. दाईला बोलावलं. आत खाला, दाई आणि भाभी. अंगणात अन्वरभाई, पांडूमामा आणि मी. कोवळं ऊन होतं. अन्वरभाई एकाच जागी इतका फिरला की अंगणात विहीर पडायची बाकी होती. तेवढ्यात जमीन हलली. फार नाही, त्या हिवाळ्यात अशी ती अधूनमधून हलायचीच, पण मांडणीवरच्या ताटल्या वाजल्या, पेट्यांमधल्या बांगड्या वाजल्या आणि सगळी गल्ली सवयीनं रस्त्यावर आली. दाईसुद्धा पदर सावरत उंबऱ्याबाहेर आली. अन्वरभाई दाराशी धावला आणि आत तोंड करून म्हणाला, अम्मी, बाहेर या, नसीमाला मी उचलून आणतो.

आतून खालांचा आवाज आला. चढलेला नव्हता, घाबरलेला नव्हता. बांगडीचं माप विचारताना असायचा तसा होता.

"तुम्ही थांबा भाईर. दाईला आत पाठव. मला कुठं येता येतंय, हितं एकजण यायचा राहिलाय."